नॅसवरच्या फायली: फोल्डरला कुलूप की अख्ख्या व्हॉल्यूमला?

नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फायली पुरवणारं साठवणीचं मशीन. त्यात डिस्क बसवून आणि रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना, ठरवून झालं की प्रश्न येतो एन्क्रिप्शनचा, म्हणजे पासवर्ड किंवा किल्लीशिवाय फायली वाचता येऊ नयेत अशा करण्याचा. आमच्या डीटीपीच्या ऑफिसात लेखकांचा मजकूर, प्रूफं, बिलं, जुन्या अंकांची पानं असं सगळं एकाच मशीनवर असतं. डिस्क बिघडून बदलायला गेली तर आतलं कुणाला वाचता येऊ नये, एवढीच माझी गरज. त्यासाठी वाटा दोन. एकेक शेअर फोल्डर वेगळा एन्क्रिप्ट करायचा, किंवा अख्खा व्हॉल्यूमच, म्हणजे सगळे फोल्डर ज्यात असतात ती डिस्कवरची जागा. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत.

फोल्डरवाली पद्धत बऱ्याच घरगुती मशीनवर ईक्रिप्टएफएस या लिनक्सवरच्या एन्क्रिप्शनच्या सोयीच्या जोरावर चालते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, हे २००६ पासून आहे. यात प्रत्येक फाइल आणि तिचं नावही स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट होतं. सोय खरोखर चांगली आहे: हिशेबाचा फोल्डर एरवी बंद ठेवायचा, लागेल तेव्हा पासवर्ड टाकून उघडायचा, बाकीचे शेअर नेहमीसारखे चालू. व्हॉल्यूमवाल्या पद्धतीत बहुतेक ठिकाणी लक्स हे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन असतं. ते डिस्कच्या पातळीवर काम करतं, वरच्या फाइल सिस्टिमला, म्हणजे फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, त्याचा पत्ताही नसतो. वेगाचं म्हणाल तर बारीकसारीक फायलींचा ढीग हलवताना मला फोल्डरवाली पद्धत जरा रेंगाळल्यासारखी वाटली. मोजून पाहिलेलं नाही, आणि तेवढ्यावरून मी काही ठरवलंही नसतं.

ठरलं ते फायलींच्या नावांवरून.

लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएसमध्ये, एका नावाला २५५ बाइट मिळतात. ईक्रिप्टएफएस नाव एन्क्रिप्ट करतं, मग ते साध्या अक्षरांत बसवतं आणि पुढे स्वतःची ठरलेली खूण चिकटवतं. त्यामुळे नाव फुगतं आणि मूळ नावासाठी १४३ बाइटच उरतात. इंग्रजीत नावं देणाऱ्याला ही मर्यादा सहसा जाणवतही नाही. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ ही डोळ्यांना सहा अक्षरं, पण चिन्हं ११, म्हणजे ३३ बाइट. १४३ मध्ये अशी जेमतेम ४७ चिन्हं बसतात.

आता आमच्याकडचं अगदी रोजचं नाव घ्या: ‘दिवाळी अंक २०२३ - संपादकीय - दुसरे प्रूफ - लेखकाच्या दुरुस्त्यांसह’. वर्डचं एक्स्टेंशन धरून हे १७७ बाइट होतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये मर्यादा २५५ चीच, पण तिथे देवनागरी चिन्ह एकच मोजलं जातं. त्यामुळे टेबलावरच्या मशीनवर हे नाव सुखानं नांदतं आणि नॅसवर टाकताना अडतं. थेट कॉपी करताना निदान तक्रार तरी समोर येते. माझ्याकडच्या सिंकच्या, म्हणजे फायली आपोआप नॅसवर उतरवणाऱ्या, अ‍ॅपनं तर अशा फायली गुपचूप वगळल्या आणि लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, एक ओळ टाकून दिली. लॉग रोज कोण उघडतं?

यावर तोडगे आहेत, नाही असं नाही. मर्यादा एकेका नावाला असते, पूर्ण पाथला, म्हणजे फोल्डरांसकट पत्त्याला, नाही. म्हणून ‘दिवाळी अंक २०२३’ आणि ‘संपादकीय’ यांचे फोल्डर करून फाइलचं नाव छोटं ठेवता येतं. मात्र ही उतरंड फार खोल गेली की विंडोजची पूर्ण पाथची जुनी २६० चिन्हांची मर्यादा आडवी येते. तारीख इंग्रजी आकड्यांत लिहिली तर एका आकड्याला एकच बाइट लागतो. जुनं काम झिप करून ठेवलं तर आतली नावं कितीही लांब असली तरी चालतं. फक्त ते झिप तिथल्या तिथे उघडायचं नाही. हे सगळं मी काही काळ निगुतीनं केलं. पण फायलींना नावं मी देत नाही, लेखक देतात. त्यांना बाइटचा हिशेब समजावत बसणं मला तरी जमलं नाही.

व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केला की नावाला पुन्हा पूर्ण २५५ बाइट मिळतात, म्हणजे ८५ चिन्हं. अमर्याद नाही, पण एवढं लांब नाव क्वचितच येतं. एनएफएस, म्हणजे लिनक्सवाल्यांची नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची पद्धत, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: काही मशीनवर एन्क्रिप्ट केलेला फोल्डर एनएफएसनं देताच येत नाही. व्हॉल्यूमच्या बाबतीत ती अडचण उद्भवत नाही.

या वाटेचे काच मात्र आधीच पाहून घ्यावेत. बहुतेक ठिकाणी हा निर्णय व्हॉल्यूम तयार करतानाच घ्यावा लागतो. भरलेल्या व्हॉल्यूमवर नंतर तो लादता येत नाही. सगळं बाहेर काढा, व्हॉल्यूम पुसा, नवा करा, परत भरा. दुसरा काच मोठा. मशीन चालू होताच व्हॉल्यूम आपोआप उघडावा म्हणून किल्ली बऱ्याचदा त्याच मशीनमध्ये ठेवलेली असते. एकटी डिस्क बाहेर गेली तर मजकूर सुरक्षित. चोरानं अख्खी पेटी उचलली तर तेवढी खात्री नाही. किल्ली दुसऱ्या मशीनवर ठेवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. बाहेरच्या डिस्कवर घेतलेला बॅकअपही आपोआप एन्क्रिप्ट होत नाही. त्याला बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा पासवर्ड द्यावा लागतो.

नावं इंग्रजीत, छोटी आणि तुमच्याच हातातली असतील, किंवा गुप्त असा एखादाच फोल्डर असून तो एरवी बंद ठेवायचा असेल, तर फोल्डरवाली पद्धत बहुधा पुरेल. आमच्याकडे पगारपत्रकांचा फोल्डर अजूनही तसाच आहे, व्हॉल्यूम एन्क्रिप्ट असूनही; त्यातल्या फायलींची नावं अकाउंटंट स्वतः देतात, ती इंग्रजीत आणि आखूड असतात.