व्हिएन्नी यंत्रणेचा जुना ग्रँड पियानो : उकल, दुरुस्ती आणि पुनर्जोडणी करणाऱ्या एका कार्यशाळेचे परीक्षण

व्हिएन्ना शहरात जुना ग्रँड पियानो मिळणे अवघड नाही. त्याच्या पोटातील यंत्रणा समजणारा कारागीर मिळणे अवघड आहे. आमच्याकडे 1880 च्या सुमारास बनलेला, बोझेनडॉर्फर या व्हिएन्नातील कंपनीचा ग्रँड पियानो आहे. त्याला आजच्यासारख्या 88 नव्हे, तर 85 पट्ट्या आहेत, आणि त्याची यंत्रणा जुन्या व्हिएन्नी पद्धतीची आहे. ही यंत्रणा पूर्णपणे सुटी करून, दुरुस्त करून पुन्हा जोडण्याचे काम आम्ही शहरातील एका लहान कार्यशाळेला दिले होते. त्यांच्याकडे आधीच कामांची मोठी रांग असल्यामुळे नाव जाहीर करू नये अशी त्यांनी विनंती केली आहे, आणि ती मी पाळतो. तरीही अशा वाद्याचे मालक असलेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या वाचकांना चांगले काम कसे असते हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काम कशाचे होते हे कळल्याशिवाय कामाची पारख करता येणार नाही. आजच्या ग्रँड पियानोत हातोड्या पट्ट्यांच्या वर एका वेगळ्या आडव्या दांडीला जोडलेल्या असतात, त्यांची डोकी वाजवणाऱ्यापासून दूर असतात, आणि पट्टी दाबली की मधल्या तरफा हातोडीला खालून वर ढकलतात. व्हिएन्नी यंत्रणेत हातोडी थेट पट्टीवरच, तिच्या मागच्या भागावर, एका पितळी चिमट्यात बसवलेली असते. तिचे डोके वाजवणाऱ्याच्या बाजूला आणि शेपूट मागे असते, आणि शेपटाच्या टोकाला चामडे लावलेली चोच असते. पट्ट्यांच्या मागे प्रत्येक हातोडीसाठी एक स्वतंत्र खटका आपल्या स्प्रिंगच्या आधारावर उभा असतो. पट्टी दाबली की तिचे मागचे टोक उचलले जाते, चोच खटक्याच्या कंगोऱ्याखाली अडकते, आणि शेपूट अडल्यामुळे डोके तारेकडे उसळते. तारेला लागण्याच्या अगदी आधी चोच खटक्यातून निसटते, म्हणून हातोडी तारेला चिकटून न राहता मोकळी परत येते आणि स्वर घुमत राहतो.

निसटण्याची ही सोय जर्मनीतील आउग्सबुर्ग शहराचे पियानोनिर्माते योहान आंद्रेआस श्टाइन यांच्या वाद्यांमुळे प्रसिद्ध झाली. मोझार्टने ऑक्टोबर 1777 मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात श्टाइन यांच्या पियानोंचे कौतुक करताना नेमक्या याच गुणाचा उल्लेख केला होता. श्टाइन यांची कन्या नानेट श्ट्राइखर 1794 मध्ये व्हिएन्नात आल्या, त्यांनी येथे स्वतः कारखाना चालवला, आणि ही पद्धत या शहराची ओळख बनली. 1828 मध्ये सुरू झालेल्या बोझेनडॉर्फरने पुढे इंग्लिश पद्धतीची, म्हणजे हातोड्या वेगळ्या दांडीला जोडलेली, यंत्रणाही स्वीकारली, पण व्हिएन्नी यंत्रणेचे पियानो त्या शतकाच्या अखेरपर्यंत बनवणे सोडले नाही. संगीतकार ब्राम्सच्या घरीही याच पद्धतीचा, 1868 चा श्ट्राइखर पियानो अखेरपर्यंत होता. म्हणूनच कार्यशाळेकडे जाण्यापूर्वी एका तंत्रज्ञाने आमचे वाद्य पाहून ‘ही यंत्रणा कालबाह्य आहे, पियानो शोभेपुरता ठेवा’ असा सल्ला दिला तेव्हा तो मला मान्य झाला नाही. ज्या यंत्रणेसाठी इतके संगीत लिहिले गेले, ती केवळ अपरिचित आहे म्हणून निरुपयोगी ठरत नाही.

कार्यशाळेच्या मुख्य कारागीर प्रथम घरी आल्या आणि पियानो उघडण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पट्टी हळू, जोरात आणि पुन्हापुन्हा वाजवून दोषांची नोंद केली. यंत्रणा बाहेर काढतानाची त्यांची सावधगिरी पाहण्यासारखी होती. सर्व पट्ट्या व हातोड्या एका चौकटीवर बसलेल्या असतात आणि ती चौकट खणासारखी पुढे सरकवून काढावी लागते. पण सरकवताना एखादी पट्टी चुकून दाबली गेली, तर वर आलेली हातोडी आतील लाकडावर आदळून मोडते. वाद्याचा सांगाडा घरीच ठेवून फक्त चौकट नेण्यात आली, त्यामुळे अवजड वाद्याच्या वाहतुकीचा खर्च आणि धोका दोन्ही टळले.

कार्यशाळेत जाऊन काम पाहण्याची मला परवानगी होती, आणि या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटली. हातोडी पट्टीवरच असल्यामुळे येथे पट्टी उचलली की हातोडीही तिच्याबरोबर येते. त्याआधी परतणाऱ्या हातोड्यांना धरून ठेवणारी, चामडे लावलेली आडवी दांडी काढावी लागते. मग एका बोटाने खटका मागे झुकवायचा, चोच मोकळी करायची आणि त्यानंतरच पट्टी तिच्या खिळ्यावरून सरळ वर उचलायची. घाई केली तर चोचीचे चामडे फाटते किंवा खटका दुखावतो. 85 वेळा त्यांनी हे एकाच संथ गतीने केले. प्रत्येक पट्टीवर मूळ कारागिरांनी घातलेला क्रमांक होता. तो वाचून पट्टी, हातोडी आणि खटका यांची एकत्र नोंद केली गेली, छायाचित्र घेतले गेले आणि ते तीन भाग एकाच कप्प्यात ठेवले गेले. ही शिस्त आवश्यक आहे, कारण हे भाग दिसायला सारखे असले तरी अदलाबदल करण्याजोगे नसतात. प्रत्येक हातोडी हाताने घासून तिच्याच चिमट्यात बसवलेली असते, आणि दीडशे वर्षांच्या आसपासच्या वापराने त्या जोडीची झीजही एकमेकींना जुळून झालेली असते.

उकल झाल्यावर दोष स्पष्ट दिसले. चोचींचे चामडे कडक होऊन त्यात खाचा पडल्या होत्या, काही खटक्यांच्या स्प्रिंगांचा ताण कमी झाला होता, आणि पट्ट्यांखालचे फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे जाड कापड) कसरीने खाल्ले होते. पितळी चिमट्यात हातोडीची आस दोन टोकदार शेवटांवर फिरते. काही चिमटे सैल झाल्यामुळे हातोड्या डुलत होत्या, तर काही इतके आवळले गेले होते की हातोडी परत यायला उशीर करत होती. येथे कार्यशाळेचा निर्णय मला फार योग्य वाटला. चोचींचे चामडे त्यांनी सर्वच्या सर्व बदलले, कारण अर्धे जुने आणि अर्धे नवे ठेवले तर हाताला लागणारा स्पर्श असमान होतो. हातोड्यांच्या डोक्यांवरचे आवरण मात्र जेथे टिकाऊ होते तेथे जसेच्या तसे ठेवले, कारण वाद्याचा आवाज त्यात आहे. जोडण्यासाठी त्यांनी पारंपरिक सरसच वापरला. तो ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा सोडवता येतो, त्यामुळे पुढच्या पिढीतील कारागिराला लाकूड न फोडता हेच काम करता येईल.

पुनर्जोडणी उकलीपेक्षा कितीतरी कठीण होती. चोच खटक्याखाली किती अडकावी, हा या यंत्रणेतला कळीचा प्रश्न आहे. ती जास्त अडकली तर हातोडी वेळेवर सुटत नाही आणि तारेवर दाबून राहते. कमी अडकली तर ती आधीच निसटते आणि हळू वाजवलेला स्वर उमटतच नाही. खटका केसभर पुढे-मागे करायचा, पट्टी अतिशय सावकाश दाबायची, सुटण्याचा क्षण बोटाला जाणवतो का ते पाहायचे, आणि मग शेजारच्या पट्टीशी ताडून पुन्हा सुरुवात करायची. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी किंचित घासतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो, त्याच जातीचे हे काम आहे. मोजमापाची साधने टेबलावर होती, पण शेवटचा निर्णय बोट आणि कान यांचाच होता. चौकट घरी परत बसवल्यावर हे सर्व पुन्हा तपासले गेले, कारण कार्यशाळेतील टेबल आणि वाद्यातील बैठक यांत सूक्ष्म फरक असतोच.

वाद्य सुरात लावताना, मूळ स्वर किती उंच ठेवायचा, असा एक प्रश्न त्यांनी विचारला, जो दुसऱ्या कोणी विचारला असता असे मला वाटत नाही. येथेच 1885 मध्ये भरलेल्या परिषदेने मधल्या ‘ए’ स्वरासाठी 435 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 435 कंपने, हे प्रमाण मानले होते. आजच्या 440 पेक्षा ते जुन्या लाकडाला आणि तारांना सोपे जाते. आम्ही 435 निवडले.

आता फळाविषयी. मंद्र स्वर गडद आणि स्पष्ट आहेत, मधल्या सप्तकात बोलण्यासारखा उच्चार आहे, आणि अगदी हलक्या हाताने वाजवलेले स्वरही आता एकसारखे येतात. तरीही या यंत्रणेच्या मर्यादा दुरुस्तीने जात नाहीत, आणि कारागिरांनी तसे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. एरार या पियानोनिर्मात्यांनी 1821 मध्ये पेटंट घेतलेल्या दुहेरी सुटकेच्या यंत्रणेत पट्टी अर्धवट वर आली तरी स्वर पुन्हा वाजवता येतो. येथे पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. शिवाय उत्तरकालीन व्हिएन्नी पियानोच्या हातोड्या जड असल्याने जोरकस वादनात हात थकतो. वेगाने तोच स्वर वारंवार वाजवण्याचे संगीत ज्यांना मुख्यतः वाजवायचे आहे, त्यांनी हे वाद्य घेऊ नये. शूबर्ट, शूमान आणि ब्राम्स वाजवणाऱ्यांना मात्र याहून जवळचा सोबती मिळणे कठीण आहे.

सेवेत उणिवा आहेत. काम ठरलेल्या मुदतीपेक्षा बरेच लांबले आणि त्याची पूर्वकल्पना आम्ही विचारल्यावरच मिळाली. पट्ट्यांखालच्या फेल्टचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता. कसरीचे नुकसान पट्ट्या उचलल्याशिवाय दिसत नाही हे खरे असले, तरी अशा शक्यतेसाठी अंदाजपत्रकात एक ओळ असायला हवी होती. सर्व कागदपत्रे आणि बोलणी जर्मन भाषेतच होतात, त्यामुळे भाषा न येणाऱ्याने दुभाषी सोबत न्यावा. पहिल्या हिवाळ्यात घर तापवू लागल्यावर हवा कोरडी झाली आणि काही पट्ट्या घासू लागल्या. तेव्हा मात्र मुख्य कारागीर तत्परतेने आल्या आणि वेगळे पैसे न घेता त्यांनी दोष काढून दिला.

असे काम कोणाकडेही देताना कोणते मूळ भाग राखले जातील आणि कोणते बदलले जातील याची यादी आधी लेखी घ्यावी, आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. आम्हाला चोचींचे जुने चामडे क्रमांक लिहिलेल्या पाकिटांत परत मिळाले, आणि त्याबरोबर प्रत्येक पट्टीच्या दुरुस्तीची नोंदवहीही मिळाली. पुढची तपासणी खोलीतील हवेची आर्द्रता वर्षभर नोंदवून मगच करायची, असे ठरले आहे.