अर्धा शेर तांदूळ, एक वाटी रवा

यंदाच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आल्यामुळे पुस्तकांचे कपाट पुढे ओढावे लागले आणि खालच्या खणातली पुस्तके पलंगावर पसरली गेली. त्यांतून हाताला येतील तशी पाच पुस्तके मी वाचली: विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, दया पवारांचे ‘बलुतं’ आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. एरवी यांना कोणी एका पंगतीला बसवणार नाही. मला मात्र वाचता वाचता जाणवत गेले की या पाचही जणांचे धान्याकडे, पाण्याकडे आणि पैशाकडे बारीक लक्ष आहे, आणि त्यांच्यावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज झाले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा, शहर पडल्यानंतरची कत्तल, लपून काढलेले दिवस हे सारे त्यांनी भिक्षुकाच्या नजरेने टिपले आहे. त्यात वीररसाचा आव कुठेच नाही. काल्पीच्या वाटेवर पहाटे विहिरीपाशी राणी भेटते तो प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. पण मूळ पुस्तकात तो वाचताना मी दोनदा थांबलो. तहानलेल्या राणीसाठी भटजी पाणी काढायला पुढे होतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाला हे काम सांगायचे नाही म्हणून ती स्वतः पोहरा घेते, आणि आपण खरे तर अर्ध्या शेर तांदळाच्या धनीण, आपल्याला या उद्योगाची काय गरज होती, अशा अर्थाचे बोलते. राज्य गेलेली बाई आपली गरज शेरात मोजते, आणि ते माप एका भिक्षुकाच्या लक्षात राहते. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाल्याचा भाग तर ओल आलेली पुस्तके पुसत असताना वाचला, त्यामुळे तो जास्तच लागला.

‘स्मृतिचित्रे’च्या बाबतीत माझा घोटाळा झाला. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून काही वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या प्रतीत सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधला गेला आहे आणि त्याच्या पुढचा गायब आहे. ती पाने वाचनालयातल्या प्रतीवरून वाचावी लागली. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांच्या मनात काय उलथापालथ झाली, हे त्या तत्त्वचर्चेतून सांगत नाहीत. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, चूल वेगळी ठेवायची की नाही, अशा प्रश्नांतून ते आपल्याला कळत जाते. स्वतःवर इतके मनमोकळे हसणारी दुसरी आत्मचरित्रकार मला मराठीत दिसत नाही. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला. तो प्रामाणिक आहे, पण लक्ष्मीबाईंचा खट्याळपणा तेथे संपतो.

‘बनगरवाडी’ मी तिसऱ्यांदा वाचली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे ओळखीचीच होती. या वेळी मनात राहिली ती शेकूची बायको, जी बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा लावते. माडगूळकर हे दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातात. माझी तक्रार एवढीच की त्या बाईच्या मनात शिरायला मास्तरला कधी सवडच होत नाही.

‘बलुतं’ हे १९७८ चे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सुशिक्षित दया पवारांना सांगतो, ही सुरुवातीची योजना मला आजही थोडी बेतलेली वाटते. मात्र मुंबईतली कावाखाना ही वस्ती आणि गावचा महारवाडा सुरू झाला की ती विसरायला होते. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. पण तो घ्यायला जाणाऱ्याला दारात कसे उभे केले जाते हे वाचले की वाटा या शब्दाचा अर्थच फिरतो. हे पुस्तक मी एका बैठकीत वाचू शकलो नाही.

राहिली ‘रुचिरा’. १९७० पासून घरोघरी असलेल्या या पुस्तकाचे मोठे कर्तृत्व म्हणजे त्यातले वाटी-चमच्याचे प्रमाण, कारण तराजू स्वयंपाकघरात नसतो आणि वाटी असते. आमची प्रत आईची. रव्याच्या लाडवाचे पान तुपाने इतके पारदर्शक झाले आहे की मागच्या पानावरची अक्षरे त्यातून दिसतात. त्यावरून मी लाडू करायला घेतले, रवा एका वाटीने मोजला, साखर हाताशी आलेल्या दुसऱ्या वाटीने, आणि पाक इतका पुढे गेला की लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागला. पुस्तकाचा यात काही दोष नाही. वाटी कोणतीही चालते, फक्त ती बदलायची नसते.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रथम छापला गेला तेव्हा चिंतामण विनायक वैद्य यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. आवृत्ती कोणत्या पाठावरून छापली आहे हे प्रस्तावनेत पाहून मगच घ्यावी, आणि दुकानातच फर्मे मोजावेत.