मळ्यातले चार शनिवार: एका पेटीवाल्याने ऐकलेला बरोक

मी गोव्यातल्या म्हार्दोळचा. गेली तीसेक वर्षं पेटी वाजवतो, भजनी सप्त्यात नि जत्रेच्या नाटकांत. पाश्चात्य संगीताशी माझा संबंध म्हणजे फेस्ताचा बँड लांबून ऐकणं, एवढाच. तरी मुलीने मला न विचारता पणजीतल्या एका वर्गाचे पैसे भरून टाकले. विषय होता युरोपातलं बरोक संगीत आणि त्यातून आजच्या पॉप गाण्यांत काय काय आलं. "बाबा, टीव्हीवर गाणं लागलं की तू दर वेळी म्हणतोस, हे कुठेतरी ऐकलंय. आता जा नि कुठे ते शोधून ये," असं तिचं म्हणणं.

चार शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, फी अडीच हजार. जागा पणजीच्या मळा या भागाला लागून फोंतेन्यासमधल्या एका जुन्या घराच्या माडीवर. लाकडी जमीन, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, नि आम्ही चौदा जण. त्यात कॉलेजची पोरं होती, लग्नांत गिटार वाजवणारा म्हापशाचा एक मुलगा होता, आणि एक वृद्ध बाई होत्या ज्यांचं सगळं शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेलं. शिकवणाऱ्या मॅडम मडगावच्या, व्हायोलिनवाल्या. बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं कोंकणी. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की 'बरोक' हा शब्द मुळात पोर्तुगीज आहे आणि त्याचा अर्थ वेडावाकडा मोती. त्या वृद्ध बाईंनी लगेच उच्चार सुधारून दिला. चारही शनिवार त्यांनी हे काम नेटाने केलं.

कालखंड साधारण १६०० ते १७५०. हे पाठ करायला लावलं नाही, हे बरं.

पहिला शनिवार मला सर्वांत जास्त आवडला, म्हणून त्याबद्दलच जरा सविस्तर सांगतो. पाखेलबेल नावाचा जर्मन ऑर्गनवाला (१६५३ ते १७०६), त्याची तीन व्हायोलिनांसाठी लिहिलेली 'कॅनन' नावाची रचना. मॅडमनी आधी वरची व्हायोलिनं ऐकवलीच नाहीत. फक्त खालचा चेलो, म्हणजे जाड आवाजाचं मोठं व्हायोलिन, ऐकवला नि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमी पेटी वाजयतात न्हय? मागीर सांगात पळोवया." मी दोनदा ऐकलं आणि सांगितलं: सा प ध ग म सा म प. आठ स्वर. मांडीवर केरवा धरला तर एक मात्रा एक स्वर, पुन्हा समेवर. चेलोवाल्याला पूर्ण रचनेत एवढंच काम आहे, हेच आठ स्वर, अठ्ठावीस वेळा. वर्गातली पोरं हसली. मला त्या चेलोवाल्याची दया आली, कारण तबल्याच्या सोलोला तासतासभर लेहरा धरून मी बसलेलो आहे. खांदा कुठे दुखतो ते मला ठाऊक आहे.

पण लेहरा आणि हे एक नाही. लेहऱ्यात चाल फिरत राहते नि तबलजी तिच्यावर खेळतो. इथे फिरते ती जमीन, आणि चाल वर मोकळी असते. ही जमीन जवळपास विसरली गेली होती. १९६८ च्या सुमारास जाँ-फ्रान्स्वा पायार या फ्रेंच वाद्यवृंदप्रमुखाची संथ लयीतली ध्वनिमुद्रिका गाजली आणि मग ती पॉपवाल्यांनी भाड्याने घेतल्यासारखी वापरली. मॅडमनी एकामागून एक गाणी लावली: कूलिओचं १९९७ चं रॅप, मग 'मरून ५' या बँडचं २०१९ मधलं 'मेमरीज'. कॉलेजच्या एका मुलीने डोक्यावर हात मारला, "हे तर आम्ही निरोप समारंभाला वाजवलं!" मुलीने माझ्या ज्या 'कुठेतरी ऐकलंय'ची चेष्टा केली होती, त्यातलं निम्मं पहिल्या तासातच सापडलं.

दुसऱ्या शनिवारी उतरता बास, म्हणजे सगळ्यांत खालची ओळ पायरी-पायरीने खाली येणं. सां, कोमल नी, कोमल ध, प. आसावरी उतरताना लागतात तेच चार स्वर. रे चार्ल्सचं १९६१ चं 'हिट द रोड जॅक' या चार पायऱ्यांवरून पुन्हा पुन्हा खाली येतं. सतराव्या शतकातले इटालियन लोक हीच उतरण विलापासाठी वापरत. इंग्रज संगीतकार पर्सेलने आपल्या ऑपेरातल्या राणी डायडोच्या शेवटच्या गाण्याला पायऱ्या आणखी बारीक केल्या: सां, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. राणी वर गाते आहे आणि खाली जमीन अर्ध्या-अर्ध्या स्वराने खचते आहे. हे ऐकताना वर्गात कोणी मोबाइल पाहिला नाही. मी मुद्दाम नजर फिरवली होती.

त्याच दिवशी हार्पसिकॉर्ड समजलं. दिसायला पियानोसारखं, पण आत हातोडी नाही. पिसाच्या देठाची नखी तार छेडते, म्हणजे नात्याने ते सतारीच्या मिजराबाजवळचं. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. आवाज लगेच विरतो, म्हणून वाजवणारा एका स्वराभोवती मुरक्यांसारखी नक्षी भरतो. बीटल्सच्या १९६५ च्या 'इन माय लाइफ'मध्ये मधे जे हार्पसिकॉर्ड वाटतं ते मुळात पियानो आहे. निर्माता जॉर्ज मार्टिनने टेप अर्ध्या वेगाने चालवून खालच्या सप्तकात तो तुकडा वाजवला, मग टेप पूर्ण वेगाने सोडली. मॅडमनी हा प्रयोग लॅपटॉपवर आमच्यासमोर करून दाखवला. चार मिनिटांचं काम, पण अख्ख्या वर्गाचे पैसे तिथे वसूल.

तसा आणखी एक प्रयोग सुरांचा. बरोक वाजवणारे आज बहुतेक ४१५ च्या 'ए'ला (म्हणजे 'ए' स्वराची सेकंदाला ४१५ कंपनं) वाद्यं लावतात, आपली बाजारातली पेटी ४४० ची. म्हणजे त्यांची पांढरी सहा आमच्या काळी चारला बोलते. बाकीच्यांना हे नवल वाटलं. आम्हा पेटीवाल्यांना गायक बदलला की पट्टी बदलायची सवय, त्यामुळे मी गप्प चहा प्यालो.

चहाबद्दल: कागदी कपात, सोबत एक बिस्किट. अडीच हजार घेता तर शेजारच्या बेकरीतून गरम पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, तरी आणा.

तिसरा शनिवार फुकट गेला. सव्वा तास बाख या जर्मन संगीतकाराचं चरित्र, तेही प्रोजेक्टरवर वाचून. दोन बायका, वीस मुलं, अमक्या गावातून तमक्या गावात. हे मी घरी वाचलं असतं. त्यात स्पीकरची घरघर, जी पहिल्या दिवशी सांगूनही चौथ्या दिवसापर्यंत तशीच होती. बास ऐकवण्याचा वर्ग आणि घरघर नेमकी बासमध्ये! शेवटची वीस मिनिटं मात्र कामाची होती. बरोकमध्ये हार्पसिकॉर्डवाल्याला पूर्ण लिहून देत नसत. खालची बासची ओळ आणि तिच्याखाली आकडे, सहा, चार, तीन वगैरे. आकड्यांवरून वरचे स्वर त्याने जागेवर भरायचे. म्हापशाचा गिटारवाला म्हणाला, "आमच्या बँडला पण असंच असतं, गाण्याच्या ओळीवर कॉर्डची अक्षरं, बाकी ज्याने त्याने बघायचं." मॅडम खूश झाल्या. आजच्या बँडमधला बास गिटार आणि कीबोर्ड हा त्या जुन्या जोडीचाच संसार आहे, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, अभंगाच्या वहीत आम्हाला तर आकडेही मिळत नाहीत. बुवांनी तोंड उघडलं की धरा.

चौथ्या दिवशी घाई. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६७ च्या सुरुवातीला टीव्हीवर बाखचा दुसरा ब्रँडनबर्ग कॉन्चेर्टो ऐकला, त्यातली उंच आवाजाची छोटी तुतारी त्याला भावली, आणि तोच वादक डेव्हिड मेसन त्यांच्या 'पेनी लेन' गाण्यात वाजला. मग वेंडी कार्लोसची १९६८ ची, 'मूग' नावाच्या विजेवरच्या वाद्यावर, म्हणजे सिंथेसायझरवर, वाजवलेली बाखची रेकॉर्ड. मूग तेव्हा एका वेळी एकच स्वर काढायचा, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी वाजवून जोडावी लागली, आणि बाखचं संगीत मुळातच स्वतंत्र ओळींचं असल्यामुळे ते जमलं. मग तमिळ सिनेमाचे संगीतकार इळैयराजा यांची १९८६ ची रेकॉर्ड 'हाउ टु नेम इट', ज्यात बाखची एकट्या व्हायोलिनची रचना (पार्टिटा) आणि कर्नाटक संगीत एका खोलीत बसतात. हे तिन्ही मिळून अर्धा तास. प्रत्येकाला एक शनिवार हवा होता, आणि बाखच्या वीस मुलांनी तो खाल्ला.

त्या तुतारीवरून एक गोष्ट मॅडमना सांगितली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी ध्वनिमुद्रिका अवकाशात गेली, तिच्यात हाच दुसरा ब्रँडनबर्ग आहे. आणि तिच्यातच आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, 'जात कहां हो'. मॅडमना बाखचं ठाऊक होतं, केसरबाईंचं नव्हतं. मला थोडी मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

माझी खरी तक्रार मात्र दुसरी आहे. गोव्यात बसून हा विषय शिकवायचा आणि गोंयकारांना दहा मिनिटं? इथल्या चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन नि व्हायोलिन शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली, कारण कागद बघून वाजवणारे तिथे हवे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ज्यांचं नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात आलं. शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारे, सेबास्टियन डिसोझा. मुखड्याच्या मागे व्हायोलिनांची जी दुसरी चाल वाहते, गायकाला न अडवता, ती कला चर्चमधल्या अनेक आवाजांच्या गाण्यातून यांच्या हाती आली. हिंदी गाण्यांतला बरोक ऐकायचा तर तो या घरांतून गेलेला आहे. मॅडमनी एक गाणं लावलं, मागची व्हायोलिनं दाखवली, घड्याळ बघितलं आणि संपलं.

प्रश्नोत्तरांत मी विचारलं: मग हे भजनाला का लागत नाही? कारण मधल्या आठवड्यात मी खोड काढली होती. पेटीवर डावा हात भात्याला, म्हणून पुतण्याला कीबोर्डवर बसवलं आणि पाखेलबेलचे ते आठ स्वर वाजवायला सांगितले. वर मी नुसता सा धरून ठेवला. खाली ध आला तेव्हा माझा सा कोमल गंधारासारखा ऐकू आला. खाली म आला तेव्हा तोच पंचमासारखा. खाली ग आला तेव्हा सरळ भांडण. मी हललोच नव्हतो. मग आमच्या बुवांच्या एका अभंगाखाली हे घातलं. बुवांनी दुसऱ्या ओळीला थांबून विचारलं, "अरे, माझा षड्ज कोणी नेला?"

मॅडमनी यावर नुसतं छान छान म्हटलं नाही, हे त्यांचं मोठेपण. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, तुमच्याकडे तानपुरा हलत नाही म्हणून वरच्या चालीला सगळी हालचाल करावी लागते, आमच्याकडे जमीन हलते म्हणून वरच्याने तीनच स्वर घोळवले तरी चालतं. तेव्हा कळलं, आजचे पॉप गायक एकाच जागी उभे राहून कसे काय ऐकू येतात. ते उभेच असतात, खालचा रस्ता सरकत असतो.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर घेणार म्हणाले. पाचांतले साडेतीन तारे, तिसऱ्या शनिवारचा एक नि स्पीकरचा अर्धा कापून. टिपणं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, फक्त इंग्रजीत. मराठीत किंवा कोंकणीत मागितली तर "बघूया" म्हणतात. गुडघे दुखत असतील तर जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला. गाडी गल्लीत घालू नका, बसस्टँडकडे लावा नि चालत या. पाच म्हणजे सव्वापाच. पुढच्या डावीकडच्या खुर्च्या धरा, कारण उजवा स्पीकर जास्त घरघरतो. फोंड्याकडे परतणाऱ्यांनी सातच्या ठोक्याला उठावं. मी दोनदा गप्पांत राहिलो आणि दोन्हीदा कदंब बसमध्ये उभ्याने आलो.