सेंटरपिन रील म्हणून फ्लाय रील गळ्यात मारलं: ७,९२० रुपये गेले, ठाणे-नवी मुंबईच्या गळवाल्यांनी वाचा

अ‍ॅडव्हान्स २,००० रुपये. माल निघायच्या आधी ४,५०० रुपये. मग ‘कस्टम’चे १,२४० रुपये. आणि ते भंगार रील, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं चाक, परत पाठवायला कुरिअरचे १८० रुपये. एकूण ७,९२०. हा आकडा मी घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण तो माणूस अजून विकतोय आणि आपल्याच भागातल्या लोकांना विकतोय.

मी खारेगावला राहतो, रबाळे एमआयडीसीत टर्नर आहे, बावीस वर्षं झाली. लहानपणी वडिलांबरोबर विटाव्याला खाडीवर गळ टाकायचो. आता दोघं-तिघं मिळून सुट्टीच्या दिवशी पहाटेची कसारा लोकल धरतो आणि खडवलीला भातसा नदीवर जातो. पाऊस ओसरला की तिथलं पाणी निवळतं, पण धार टिकून असते. त्या धारेत फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता बोंडा, सोडायचा तर तो पाण्याच्याच चालीने गेला पाहिजे. जरा अडला की खाली गळाला लावलेलं पीठ उचललं जातं, आणि मग रोहू-मृगळ तोंड लावत नाहीत. स्पिनिंग रीलवर हे जमतं, पण बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कमान, उघडी ठेवून बोटाने लाईन सोडत बसावं लागतं आणि मासा लागला की आधी बेल बंद करण्याची धांदल. सेंटरपिनचं काम सरळ आहे. गिअर नाही, एका पिनवर फिरणारा मोठा ड्रम. प्रवाह फ्लोट ओढतो, फ्लोट ड्रम फिरवतो, आणि ड्रमच्या कडेवर ठेवलेला आपला अंगठा हाच ब्रेक. इंग्लंडात नॉटिंगहॅमकडे पूर्वी लाकडाची करायचे, तत्त्व आजही तेच. माझ्यासारख्या मशीनवरच्या माणसाला अशी वस्तू आवडली नाही तरच नवल.

मी सात हजार बाजूला काढले होते, ओव्हरटाईमचे. आपल्याकडे दुकानात सेंटरपिन दिसत नाही. ठाण्यात विचारलं, मुंबईत दोन ठिकाणी विचारलं, तर समोर स्पिनिंग आणि बेटकास्टिंग रील काढून ठेवतात. त्यामुळे फोनवर शोधत बसलो आणि एका पानावर जाहिरात दिसली: ‘सेंटरपिन, ११५ मिमी, दोन बॉल बेअरिंग, ६,५०० फक्त.’ पान मराठीत, बोलणारा मराठी, दर वाक्याला ‘दादा’. तो भोसरीचा असल्याचं सांगत होता. मला वाटलं आपला माणूस आहे, निदान हिंदीत तुटक बोलून पैसे मागणाऱ्यातला नाही. मराठी बोलतो म्हणून कुणावर विश्वास टाकू नका.

फोटो सुरेख होते. रीलच्या मागे ओल्या गवतावर ओकची पानं पडलेली. भोसरीत ओक कुठून आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी समजून घेतलं की कंपनीचे फोटो असतील, सगळेच वापरतात. तेव्हाच तो फोटो टाकून नेटवर शोधला असता तर एका मिनिटात कळलं असतं. नंतर शोधला, तेव्हा ते परदेशातल्या कुणाच्या तरी जुन्या विक्रीच्या जाहिरातीतले निघाले.

आता त्या नऊ सेकंदांबद्दल.

मी आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत, हे आधी सांगतो. मी व्हिडिओ मागितला. ड्रमला टिचकी मारून दाखवा, असं स्पष्ट लिहिलं, कारण सेंटरपिनची खरी परीक्षा तीच. चांगला ड्रम रिकामा असताना एका टिचकीसरशी अर्धा-पाऊण मिनिट सहज फिरतो, आवाज न करता. त्याने व्हिडिओ पाठवला, नऊ सेकंदांचा. हिरव्या टेबलक्लॉथवर रील, एक हात येतो, टिचकी मारतो. ड्रम चार-साडेचार फेरे फिरला, कर्र-कर्र वाजला आणि थांबला. मी लिहिलं, ‘एवढाच फिरतो?’ त्याचं उत्तर आलं, ‘दादा, चेक ऑन आहे.’

चेक म्हणजे रॅचेट, ड्रम अडवणारी दात्यांची खिट्टी. सेंटरपिनला तो खरोखरच असतो, रील नेता-आणताना ड्रम आपोआप सुटू नये म्हणून, आणि तो लावला की आवाज तसाच येतो. उत्तर बरोबर होतं म्हणून मी फसलो. त्या क्षणी मी एकच ओळ लिहायला हवी होती: चेक काढा आणि पुन्हा फिरवून दाखवा. मी लिहिलं ‘ओके’. रात्रीचे अकरा चाळीस झाले होते, दुसऱ्या पाळीहून नुकताच आलो होतो, जेवण समोर होतं, आणि तो लिहीत होता की पुण्याचा एकजण आत्ता पैसे टाकतोय. मी २,००० टाकले. यूपीआयवर नाव आलं ते पानाचंही नव्हतं आणि तो सांगत होता ते त्याचंही नव्हतं. ‘वहिनींचं खातं आहे’, तो म्हणाला.

रोज दहा बेअरिंग हातात फिरवून चांगलं-वाईट सांगणारा माणूस मी. कारखान्यात पोरं मला आणून दाखवतात. आणि तो आवाज मी ऐकला, तो थांबलेला ड्रम मी पाहिला, आणि ‘ओके’ लिहिलं. हे मला झोपू देत नाही. पैशांपेक्षा हेच.

दुसऱ्या दिवशी बाकीचे ४,५०० गेले. चौथ्या दिवशी निरोप आला की माल न्हावा शेवाला अडकलाय, कस्टमचे १,२४० भरावे लागतील. भोसरीच्या माणसाचा माल न्हावा शेवाला कसा, हे मी विचारलं. ‘स्टॉक नवीन कंटेनरमधला देतोय, जुना पीस नको तुम्हाला.’ साडेसहा हजार अडकलेले, म्हणून तेही भरले. सीमाशुल्क कुणाच्या खासगी यूपीआयवर कधीच भरलं जात नाही. ज्याने मागितलं तो चोर, तिथेच थांबायचं, आधीचे गेले तर गेले.

अकराव्या दिवशी डबा आला. उघडताना मुलाला व्हिडिओ काढायला सांगितलं, एवढी एक गोष्ट मी नीट केली. हातात घेताच कळलं. कॅलिपर लावला: ड्रम ८५ मिमी. मागच्या बाजूला मधोमध ड्रॅगचा, म्हणजे लाईन जड करायच्या ब्रेकचा, मोठा नॉब. हे फ्लाय फिशिंगचं, म्हणजे खोट्या माशीचं आमिष फेकून मासे धरायचं रील, तेही सगळ्यात हलक्या प्रतीचं. उघडलं तर आत नायलॉनची बुश, प्लास्टिकची ड्रॅग चकती आणि एका बाजूनेच फिरणारा क्लच. म्हणजे ते मोकळं फिरणं शक्यच नव्हतं, कारण फ्लाय रील मोकळं फिरू नये असंच बनवतात. लाईन सोडताना तिथे अडथळा हवाच असतो. दिसायला दोन्ही सारखी, गोल, भोकांचा ड्रम, म्हणून नवख्याला खपवता येतं.

११५ आणि ८५ मधला फरक मापाचा हट्ट नाही. गिअर नसल्याने एका फेऱ्यात कडेच्या परिघाएवढीच लाईन येऊ शकते. ११५ मिमीला ती ३६ सेंटीमीटर, ८५ ला जेमतेम २७. प्रत्यक्षात लाईन कडेपेक्षा आत गुंडाळलेली असते म्हणून आणखी कमी. वीस मीटरवर रोहू आपल्याकडे वळला तर ढिली लाईन गोळा करता करता तो सुटून जातो. जाहिरातीतल्या मापावर जाऊ नका, फूटपट्टी लावलेला फोटो मागा. मागची बाजू दाखवायला सांगा: तिथे चेकची लहानशी कळ असेल तर ठीक, मधोमध फिरवायचा नॉब असेल तर ते सेंटरपिन नाही. बेअरिंग किती हा प्रश्नच विचारू नका, ‘दोन’, ‘चार’ काहीही सांगतात. ड्रमची कड धरून हलवून दाखवायला सांगा, खुळखुळला की सोडून द्या.

तो दोन दिवस ‘बघतो दादा’ म्हणाला, मग ब्लॉक. डब्यावरच्या पत्त्यावर रील परत पाठवलं, १८० रुपये, पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं.

यापुढचं मला फसवणुकीइतकंच लागलंय. बँकेत गेलो. ‘पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.’ एवढं बोलून पुढचा टोकन नंबर. पोलीस ठाण्यात गेलो, तर समोरच्या साहेबांनी डबा उघडून बघितला आणि बाजूच्या दोघांना बोलावलं. ‘मासे पकडायच्या चाकाला साडेसहा हजार?’ तिघं हसले. मी उभा. मग म्हणाले, माल आलाय ना, मग फसवणूक कसली, ही दिवाणी बाब. मी म्हटलं, साहेब, सांगितलं एक, पाठवलं दुसरं, आणि कस्टमच्या नावाने वेगळे पैसे घेतले. तर म्हणाले, माणूस भोसरीचा, तिकडे जा. तो भोसरीचा आहे हे तरी कुणाला माहीत? फसवून पैसे काढून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये येतं, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असली तरी लिहून घ्यावी लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हे मी नंतर वाचलं. तेव्हा माहीत असतं तर तिथे बसून राहिलो असतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साधा अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. पुढे काही नाही. ग्राहक आयोगात जा म्हणणारे बरेच भेटले. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फीही नाही, खरं आहे. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. पत्ता कुरिअरवाला देत नाही, म्हणतो पोलिसांचं पत्र आणा. पोलीस पत्र देत नाहीत, म्हणतात ग्राहक आयोगात जा. बँक खातेदाराचं नाव सांगत नाही. तीन अर्धे दिवस कापले गेले माझे, त्या पगाराचा हिशोब मी वरच्या ७,९२० मध्ये धरलेलाच नाही.

ज्याचे पैसे आज गेलेत त्याने थांबू नये. डबा येईल म्हणून मी अकरा दिवस वाट पाहिली, तेच चुकलं. शंका आली की त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत. संशय फक्त मालाबद्दल असेल तर १९१५, ग्राहक हेल्पलाईन. बोलणं पुसू नका. रागाच्या भरात मी पहिल्या दिवसाचं अर्धं चॅट पुसलं होतं.

आणि अगदीच सेंटरपिन घ्यायचं असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्यासोबत एक दिवस नदीवर जा, हातात घेऊन फिरवा. नाहीतर हा हंगाम स्पिनिंग रीलवर काढा. मी तेच करतोय.

ते पान नाव बदलून पुन्हा सुरू झालंय. किंमत आता ५,९०० आहे, अ‍ॅडव्हान्स १,५००. मी जाहिरातीखाली लिहिलेलं दोनदा उडवलं गेलं. नाव उद्या पुन्हा बदलेल, पण व्हिडिओ तोच आहे. हिरवा टेबलक्लॉथ, डाव्या कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग, टिचकी मारणाऱ्या हाताच्या मनगटाला लाल दोरा. ड्रम चार-साडेचार फेऱ्यांत थांबतो.