एम-लॅबची स्पीड टेस्ट: आकडा कमी येतो म्हणून लगेच बंद करू नका

स्पीड टेस्ट म्हटलं की बहुतेक लोक ऊकला कंपनीचं ते मीटरवालं पान (स्पीडटेस्ट डॉट नेट) उघडतात, काटा सर्रकन उजवीकडे जातो, बरं वाटतं, टॅब बंद. मी पण तेच करायचे. पण ब्रॉडबँडच्या धोरणावर काम करणारी जी मंडळी आहेत ना, संशोधक, नियामक संस्थांचे सल्लागार, ग्राहकांच्या बाजूने भांडणारे वकील वगैरे, त्यांच्या रिपोर्टांमध्ये सारखं एम-लॅब एम-लॅब यायचं (म्हणजे मेजरमेंट लॅब, इंटरनेट मोजून डेटा खुला ठेवणारा प्रकल्प), म्हटलं बघू तरी काय आहे, आणि मग वायफाय, केबल लावून, मोबाइल डेटा असं सगळ्यावर बरेच दिवस चालवून बघितली. आधीच सांगते, ही टेस्ट तुम्हाला खूश करायला बनवलेली नाहीये.

वापरायला एकदम रुक्ष. पान उघडा, डेटा जाहीर होणार हे मान्य आहे अशी टिक करा, बटण दाबा. साधारण दहा सेकंद डाउनलोड, दहा सेकंद अपलोड, मग चार आकडे येतात, डाउनलोड, अपलोड, लेटन्सी (डेटा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) आणि किती डेटा परत पाठवावा लागला त्याचं प्रमाण. संपलं. सर्व्हर तुम्ही निवडायचा नाही, टेस्टच जवळचा शोधते. अकाउंट नाही, मित्रांना पाठवायला सुंदर कार्ड नाही, जाहिराती पण नाहीत (हे मात्र मला फार आवडलं). गुगलवर स्पीड टेस्ट शोधलं की बऱ्याच ठिकाणी जे निळं बटण येतं त्याच्यामागे पण हीच टेस्ट असते, म्हणजे तुम्ही नकळत कधीतरी वापरलेली असणार. आतल्या टेस्टचं नाव एनडीटी (नेटवर्क डायग्नॉस्टिक टूल), आणि ती एम-लॅबच्या पण आधीची आहे, विद्यापीठांच्या नेटवर्कमध्ये कुठे अडतंय ते शोधायला बनवलेली.

आता हे कोणी काढलं ते सांगायलाच हवं कारण रिव्ह्यूचा अर्धा जीव तिथेच आहे. टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते, बनवणाऱ्या दोघांपैकी एक विंट सर्फ, ते तेव्हा गुगलमध्ये होते, त्यांनी २००८ मध्ये नेटवर्क संशोधकांना विचारलं की तुम्हाला काय कमी पडतंय, तर सगळ्यांचं रडगाणं एकच, मोजमापाची साधनं आहेत पण ती चालवायला जगभर सर्व्हर नाहीत आणि डेटा आहे तो कंपन्यांच्या तिजोरीत. मग जानेवारी २००९ मध्ये न्यू अमेरिका या अमेरिकन धोरण-संस्थेची ओपन टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, प्रिन्स्टन विद्यापीठाकडचे प्लॅनेटलॅबवाले (संशोधनासाठी जगभर सर्व्हर चालवणारे), गुगल असं सगळ्यांनी मिळून हे सुरू केलं. त्या इन्स्टिट्यूटचे साशा माइनराथ हे नाव यात वारंवार दिसेल. अट एकच, की जो डेटा गोळा होईल तो सगळ्यांसाठी खुला. आज कुणीही उठून तो सगळा ढिगारा फुकट चाळू शकतो, तुम्ही पण, क्वेरी लिहिता येत असेल तर.

बरं, मग आकडा कमी का येतो? दोन कारणं आहेत आणि दोन्ही मुद्दाम ठेवलेली आहेत. एक म्हणजे ऊकला एकाच वेळी अनेक कनेक्शन्स उघडून पाइप पूर्ण भरते, एनडीटी एकच कनेक्शन उघडते. दुसरं म्हणजे सर्व्हर कुठे आहे. ऊकलाचे कितीतरी सर्व्हर इंटरनेट कंपन्यांनी स्वतःच्याच नेटवर्कमध्ये ठेवलेले असतात, म्हणजे तुमच्या कंपनीचा स्पीड तुमच्याच कंपनीच्या आवारात मोजला जातो, हे म्हणजे फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी चालवायची आणि शहरात कुठे ट्रॅफिक नाही म्हणून सांगायचं. एम-लॅबचे सर्व्हर बाहेर असतात, जिथे वेगवेगळी नेटवर्क्स एकमेकांना जोडली जातात तिथे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मधल्या जोडावर कोंडी झाली तर ती यात पकडली जाते, आणि आपण बघतो ते बहुतेक सगळं, व्हिडिओ, कॉल, ऑफिसचं काम, तो जोड ओलांडूनच येतं की.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, २०१३-१४ मधलं. लोकांचं नेटफ्लिक्स संध्याकाळी अडकायला लागलं, कंपन्या म्हणतात आमची लाइन ठीक आहे, नेटफ्लिक्स म्हणतं आमचे सर्व्हर ठीक आहेत. दोघंही खरंच बोलत होते एका अर्थाने, कारण भांडण मधल्या जोडावर होतं, तिथली क्षमता वाढवायचे पैसे कोणी द्यायचे यावर. एम-लॅबने ऑक्टोबर २०१४ मध्ये रिपोर्ट काढला त्यात दिसत होतं की एकाच शहरात, एकाच ट्रान्झिट कंपनीकडून (म्हणजे नेटवर्कांच्या मध्ये डेटा वाहून नेणाऱ्या) येणारा डेटा एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना रात्री रडत रडत मिळतो आणि दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांना व्यवस्थित. म्हणजे तार तुटलेली नव्हती, व्यवहार बिघडला होता. हे नुसत्या मीटरच्या काट्यावर कधीच कळलं नसतं.

पण थांबा, यात पण गोम आहे आणि ती सांगितली नाही तर रिव्ह्यू म्हणजे जाहिरात होईल. त्याच वर्षी इंटरनेट मोजणाऱ्या संशोधक केसी क्लॅफी आणि एमआयटीचे डेव्हिड क्लार्क वगैरे मंडळींनी पेपर लिहिला की बाबांनो, नेटवर्कच्या आतली कोंडी बाहेरून ओळखणं दिसतं तितकं सोपं नाही, आणि एका टोकाला मोजून नेमका कुठला जोड तुंबलाय ते ठामपणे म्हणता येत नाही. आणि कहर म्हणजे त्याच काळात कोजंट या ट्रान्झिट कंपनीने काही ग्राहकांच्या ट्रॅफिकला आपल्या नेटवर्कमध्ये अग्रक्रम दिला होता हे नंतर बाहेर आलं, ज्याचा एम-लॅबच्या आकड्यांवर पण परिणाम झालेला, आणि एम-लॅबने ते स्वतः जाहीरपणे मांडलं. मला यातलं हेच आवडतं खरं तर, डेटा उघडा असल्यामुळे टीका करणाऱ्यांनाही तोच डेटा हातात मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांवर अशी टीका करून दाखवा बघू.

टिम वू माहितीये का, नेट न्यूट्रॅलिटी (इंटरनेट कंपनीने सगळ्या ट्रॅफिकला सारखंच वागवायचं) हा शब्दप्रयोग २००३ मध्ये ज्यांनी रूढ केला ते कायद्याचे प्राध्यापक, ते काही काळ न्यूयॉर्क राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, म्हणजे अॅटर्नी जनरलच्या ऑफिसात होते आणि २०१५ मध्ये त्या ऑफिसने तिथल्या लोकांना सांगितलं की टेस्ट चालवा आणि निकाल आम्हाला पाठवा, आणि त्यासाठी जी टेस्ट दिली ती एम-लॅबवर चालणारी. पुढे २०१७ मध्ये टाइम वॉर्नर केबल, म्हणजे तोवर चार्टर या दुसऱ्या केबल कंपनीची झालेली, तिच्यावर सांगितलेला स्पीड दिला नाही म्हणून खटला झाला, त्यात कंपनीच्या आतल्या ईमेल निघाल्या, जुने मॉडेम भाड्याने देऊन ठेवलेले निघाले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये १७ कोटी ४२ लाख डॉलरवर तडजोड झाली. सगळं श्रेय टेस्टला देणं चुकीचं होईल, पण लोकांकडून मोजून घ्यायचं ही सुरुवात होती.

अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्याचा किस्सा तर त्याहून भारी. तिथे सरकारी नकाशाप्रमाणे सगळीकडे ब्रॉडबँड पोचलेलं. २०१९ मध्ये माइनराथ आणि त्यांच्या टीमने २०१८ च्या वर्षभरातल्या १ कोटी १० लाखांवर टेस्ट तपासल्या, तर एकही काउंटी (जिल्हा) अशी सापडली नाही जिथे निम्म्या लोकांना तरी २५/३ चा (डाउनलोड २५, अपलोड ३ एमबीपीएस) स्पीड मिळतोय. कारण नकाशा कंपन्यांनी भरलेल्या फॉर्मवरून बनायचा, आणि जनगणनेच्या एका ब्लॉकमध्ये एका घराला देता येत असलं तरी अख्खा ब्लॉक रंगवला जायचा. आता नकाशाची पद्धत बदललीये, २०२२ पासून घरागणिक माहिती घेतात आणि ती चूक असेल तर लोकांना आक्षेप घेता येतो, तो बदल घडवून आणण्यात असल्याच मोजमापांचा रेटा होता.

तरी पण, पेनसिल्व्हेनियाचे आकडे वाचून इंटरनेट कंपन्यांना शिव्या घालायच्या आधी एक लक्षात घ्या. यातल्या किती टेस्ट घराच्या कोपऱ्यातल्या रडक्या वायफायवर झाल्या ते कोणालाच सांगता येत नाही, आणि नेट ठीक चालत असताना स्पीड टेस्ट कोण करतं? एमआयटीच्या बाउअर, क्लार्क आणि लेहर यांनी २०१० मध्येच लिहून ठेवलंय की एका कनेक्शनवर मोजलं तर लाइनपेक्षा तुमच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगचीच मर्यादा मोजली जाऊ शकते. निक फीमस्टर आणि जेसन लिव्हिंगूड यांनी २०२० मध्ये परत तेच जास्त जोरात मांडलं, की लाइनी वेगवान झाल्या, आता अडसर घरातलं वायफाय आणि यंत्रं आहेत, अनेक कनेक्शन्स वापरून मोजा. (लिव्हिंगूड कॉमकास्टचे, हे वाचताना डोक्यात ठेवा, पण मुद्दा बरोबरच आहे.) माझ्याकडे पण असंच दिसलं, हळू लाइनवर दोन्ही टेस्ट जवळपास सारखं सांगतात, लाइन जितकी वेगवान तितकी एम-लॅब मागे पडत जाते. गिगाबिटवाल्यांनी एम-लॅबचा आकडा दाखवून कस्टमर केअरशी भांडू नये, तिथे ऊकलाच लावा, केबल जोडून.

आणि जे मला सगळ्यात जास्त हवं होतं ते यात धड मिळतच नाही. घरात कोणी मोठी फाइल चढवायला लागलं की व्हिडिओ कॉल का गोठतो, स्पीड तर भरपूर आहे ना? तर राउटरच्या बफरमध्ये (डेटा तात्पुरता थांबतो ती जागा) रांग लागते, डेटाची पाकिटं तिथे ताटकळत बसतात, जिम गेटिस यांनी हे २०१० च्या सुमारास बफरब्लोट म्हणून पुढे आणलं, मग कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ही रांग आटोक्यात ठेवणारी कोडेल नावाची पद्धत काढली, डेव्ह टाट यांनी वर्षानुवर्षं पदरमोड करून ती राउटरमध्ये शिरवली. हे बघायचं तर भार असतानाची लेटन्सी वेगळी दाखवणारी टेस्ट हवी. क्लाउडफ्लेअरची दाखवते, नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉममध्ये जास्त माहितीचं बटण दाबलं की दिसते, मॅक असेल तर २०२१ पासून टर्मिनलमध्ये नेटवर्कक्वालिटी नावाची कमांड आहे. एम-लॅबच्या कच्च्या डेटात ही माहिती थोडीफार खणून काढता येते म्हणे, पण साध्या माणसाने काय खणायचं.

नियामकांचं पण अजून एमबीपीएसवरच अडलंय. अमेरिकेत ब्रॉडबँड कशाला म्हणायचं तर २०१५ पासून २५/३ आणि मार्च २०२४ मध्ये १००/२०. लेटन्सीचा आकडा प्लॅनच्या लेबलवर आला आहे २०२४ पासून, एवढंच.

वापरायचीच असेल तर केबल लावून, बाकी डाउनलोड बंद करून, सकाळी आणि रात्री गर्दीच्या वेळी अशी चालवा आणि तारखेसकट लिहून ठेवा. सकाळ-रात्रीच्या आकड्यात सारखा मोठा फरक पडत असेल तर तो फरक तक्रारीत लिहा, एकट्या आकड्याला कोणी भीक घालत नाही.

शेवटचं, आणि हे टिक करताना कोणी वाचत नाही. तुमचा आयपी पत्ता निकालासोबत जाहीर होतो, कायमचा, खुल्या डेटात. संशोधकांना तो लागतो हे कळतं, नाहीतर कुठलं नेटवर्क ते कसं ओळखणार, पण मला तरी हे खुपतं, आणि व्हीपीएन लावून टेस्ट केली तर व्हीपीएनचाच स्पीड येतो त्यामुळे त्याला उपाय पण नाही. पाचपैकी साडेतीन. एक स्टार या आयपीसाठी कापलाय, अर्धा बफरब्लोटसाठी.