प्रोटोटाइप ओतायचा की ठोकळ्यातून कोरायचा?

धातूचे एक-दोनच नग हवे असले की पहिल्यांदा सीएनसी (संगणकाच्या हुकमावर ठोकळ्यातून कोरणारं मशीन) आठवतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. सपाट बाजू, सरळ भोकं, बेअरिंगची बैठक एवढंच असेल तर सिरॅमिक शेलच्या, म्हणजे नमुन्यावर (पॅटर्न) सिरॅमिकचे थर चढवून केलेल्या साच्यात धातू ओतण्याच्या, नादी लागू नका.

वळणदार पोकळी असलेल्या भागाचं गणित वेगळं. बंद इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) किंवा मॅनिफोल्डच्या (फाटे असलेली नळी) आत कोरणारं टूल पोहोचत नाही. शेलमध्ये पॅटर्न वितळून किंवा जळून जातो, तो ओढून काढावा लागत नाही. म्हणून अंडरकट, म्हणजे पॅटर्न साच्यात अडकवणाऱ्या खाचा, चालतात. वेळ मात्र भरपूर जातो. स्लरीत बुडवा, रेती शिंपडा, वाळवा, असे सहा ते नऊ थर आणि दर थराला काही तास. इथे घाई केली की शेल भट्टीत तडकतो.

एका नगासाठी मेणाचे पॅटर्न पाडायची डाय (धातूचा साचा) परवडत नाही, म्हणून पॅटर्न थ्रीडी प्रिंट करतात. पीएलए (थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) तापल्यावर मऊ पडतं. भरीव रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारं प्लास्टिक) मात्र मऊ न होता फुगतं आणि शेल फोडतं. ते आतून जाळीदार, पोकळच छापावं. जळल्यावर राहिलेली राख शेल थंड करून धुऊन काढावी, नाहीतर नगावर खड्डे दिसतात.

अचूकतेत सीएनसी सरळ पुढे आहे. शेलमध्ये २५ मिमीला साधारण ±०.१३ मिमी धरा. धातू गोठताना आकसतो, तेवढा पॅटर्न मोठा हवा; बैठका आणि आटे नंतर मशीनवरच करायचे, त्यासाठी जास्तीचा माल ठेवा.

माझ्या मते निर्णय फिरतो तो चाचणीवर. पुढे माल ओतीव निघणार असेल, तर ६०६१ या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या ठोकळ्यातून कोरलेला नग चाचणीत पास होऊन काही सिद्ध होत नाही. ए३५६ या ओतकामाच्या अॅल्युमिनियममध्ये पोरोसिटी, म्हणजे आत बारीक पोकळ्या, असते, जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने गोठतात. तडा जायचा तो तिथून जातो. अर्थात पुढचं उत्पादन प्रेशर डायकास्टिंगचं (धातूच्या डायमध्ये दाबाने ओतणं) असेल तर शेलचा नगही हुबेहूब नव्हे: गरम शेलमध्ये धातू सावकाश गोठतो, डायमध्ये झटकन. फक्त जुळणी बघायची असेल तर हा सगळा विचार सोडा आणि कोरून घ्या.

मेटल प्रिंटिंगही आहे, पण आतल्या पोकळीतले सपोर्ट (छपाईवेळचे टेकू) काढणं डोकेदुखी. सँड कास्टिंग (रेतीच्या साच्यात ओतणं) मोठ्या, जाड भागांना ठीक. पृष्ठभाग खरबरीत येतो.

शेलच ठरला तर एका नगासाठी पॅटर्न दोन छापा आणि दोन्हींवर एकदमच थर चढवा. एक शेल फुटला तर सगळे थर पहिल्यापासून चढवायची पाळी येत नाही.