रत्नागिरीजवळ भाड्याचं घर: अकरा महिने राहिल्यावर लिहिते आहे

मी मूळची बार्शीची. बँकेत नोकरी. बदली रत्नागिरीला झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक असे तिघं इकडे आलो. ओळखीचं कुणीच नव्हतं. 1 डिसेंबरला भाड्याच्या घरात राहायला गेलो आणि ऑक्टोबर 2025 अखेर अकरा महिन्यांचा करार संपतोय. या काळात उन्हाळा पाहिला, पावसाळा पाहिला, शिमगा आणि गणपतीही झाले. घर शोधत होते तेव्हा मला कुणी हे सगळं सांगितलं असतं तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. वाडीचं आणि मालकांचं नाव मुद्दाम देत नाही.

शहरात म्हणजे मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप या भागात फ्लॅट मिळतात, पण आमच्या बजेटमध्ये दोन खोल्यांच्या पुढे काही बसेना. म्हणून नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, खेडशी या पट्ट्यात शोधायला लागलो. रेल्वे स्टेशन आणि एमआयडीसी याच बाजूला आहेत, कोल्हापूरकडे जाणारा रस्ताही इथूनच जातो. बाहेरून आलेल्या नोकरदारांची वस्ती त्यामुळे इकडे बरीच. नेटवरच्या साइटींवर मात्र इथली घरं फारशी दिसत नाहीत. दिसली तरी महिनोन् महिने जुन्या जाहिराती. घर मिळतं ते किराणा दुकानात, सलूनमध्ये, शाळेच्या गेटवर विचारून, किंवा कुंपणाला लावलेली पाटी वाचून. आम्ही अठरा दिवस लॉजवर काढले. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन एकेक वाडी पालथी घालत होतो.

बंद घरं खूप दिसतात. दाराला कुलूप, अंगणात पाचोळा, पण माड शिंपलेले. मालक मुंबईला. सुरुवातीला मला वाटायचं, एवढी घरं रिकामी असताना भाड्याने का देत नाहीत? उत्तर गणपतीत मिळालं, ते पुढे सांगते.

शोधतानाचे दोन अनुभव कडू आहेत. "गाव कुठलं?" याच्या पाठोपाठ "आडनाव काय?" यायचं आणि मग जरा थांबून "तुमच्यात काय काय चालतं?" एका ठिकाणी आडनाव ऐकल्यावर भाडं दीड हजाराने वाढलं. दुसऱ्या ठिकाणी "आत्ताच एकांना शब्द दिलाय" असं सांगितलं, आणि पुढचे तीन आठवडे "घर भाड्याने देणे आहे" ही पाटी तिथेच होती. लेक बरोबर होती. ती विचारत होती, आई, आपल्याला घर का नाही देत? त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसरा अनुभव एका एजंटचा. त्याने दुसऱ्या मजल्यावरचा छान फ्लॅट दाखवला. हवेशीर, नवा रंग दिलेला. मी लगेच 2,000 रुपये टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या सहकारी वहिनींना फोटो दाखवले, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रंग सगळ्या भिंतींना नवा आहे की एकाच?" नीट बघितलं तर फक्त पश्चिमेकडच्या भिंतीला. पावसाळ्यात नैऋत्येकडून वारा येतो आणि झड सरळ त्या भिंतीवर आपटते. नोव्हेंबरात एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर तिथे ओल आली होती असं समजावं. आम्ही पुन्हा जाऊन कोपऱ्यात हात लावला, तर रंगाखालचा गिलावा बोटाला भुसभुशीत लागला. फ्लॅट सोडला. टोकन परत मिळालं नाही. आता कुणी घर बघायला निघालं की मी सांगते, आधी पश्चिमेची भिंत बघा, मग हॉल.

शेवटी घर मिळालं ते आमच्या शाखेतल्या शिपाईमामांच्या शब्दावर. जांभ्याच्या चिऱ्यांचं बैठं कौलारू घर, पुढे पडवी, मागे नंतर जोडलेलं स्लॅबचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. परसात विहीर, ती शेजारच्या घराबरोबर सामाईक. भाडं 8,000, डिपॉझिट 30,000. मालक काका-काकी मुंबईला असतात. एक खोली त्यांच्या सामानाची, तिला कुलूप. "आम्ही गणपतीला आणि शिमग्याला येतो हो, दोन-चार दिवस," एवढं काका फोनवर म्हणाले होते. मी "या की, तुमचंच घर आहे" म्हटलं.

आता पाणी. मी दुष्काळी भागातून आलेली बाई. आमच्याकडे वर्षाला 500-600 मिलिमीटर पाऊस, इथे 3,000 च्या वर. इथे पाण्याची काय चिंता, असं मनात पक्कं होतं. डिसेंबरात विहीर बघितली तर पाणी हाताला लागेल इतकं वर. शेजारच्या आजी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आत्ता नको बघूस गो बाय, मे महिन्यात बघ." मी हसून सोडून दिलं.

जांभा दगड सच्छिद्र असतो. पाऊस पडतो तेवढाच जमिनीतून निघून जातो, उतारावरून खाली समुद्राकडे. मार्चमध्ये पाणी दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, खाली गेलं. एप्रिलच्या मध्याला पंप हवा ओढायला लागला. 20 एप्रिल ते 20 मे हा महिना मी विसरणार नाही. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी, तेही पहाटे पाचच्या सुमाराला, आणि दाब इतका कमी की वरच्या टाकीत चढायचं नाही. खाली पिंप लावून, त्यातून बादलीने काढून, मग वर. विहिरीत रात्रभरात गुडघाभर पाणी साठायचं, ते सकाळी दोन घरांत वाटून घ्यायचं. आजींनी एकदाही भांडण केलं नाही. उलट लेकीची शाळा लवकर म्हणून पहिल्या चार बादल्या आम्हाला. तीन वेळा टँकर मागवला.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: इथे घर बघताना "पाणी आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात आणि ते खोटंही नसतं. "मे महिन्यात काय करता?" असं विचारा. तेही मालकाला विचारण्याआधी शेजाऱ्यांना. जमिनीवरची साठवण टाकी आहे का, टँकर दारापर्यंत येतो का की गडग्याआड (गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण) पन्नास फुटांवर थांबतो, हे बघा. आमचा थांबायचा.

पंपाचंही सांगते. सामाईक विहिरीचा पंप आमच्या मीटरवर होता, हे मला तिसऱ्या बिलाला कळलं. घरगुती वापरात 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर बराच चढतो, आणि पंपामुळे आम्ही दर महिन्याला ती रेष ओलांडत होतो. सबमीटर बसवून घ्यायला जूनपर्यंत फोन करावे लागले. घर ताब्यात घेतानाच पंपाचा स्विच बंद करून मीटर बघायला हवा होता.

मग पाऊस. इथे पावसाआधी आगोटीची कामं असतात: लाकूडफाटा आत घेणं, पडवीला झडीचं प्लास्टिक बांधणं, आणि कौलारू घर असेल तर शाकारणी. म्हणजे कौलं उतरवून, झाडून, फुटलेली बदलून पुन्हा बसवणं. इथली माकडं वर्षभर कौलं सरकवतात, त्यामुळे दरवर्षी हे करावंच लागतं. मालकांनी शाकारणीसाठी माणूस ठरवला होता मे अखेरचा. आणि 2025 मध्ये पाऊस थांबलाच नाही कुणासाठी. मान्सून 24 मेला केरळात आला, 26 ला मुंबईत पोचला, जिथे एरवी 11 जूनच्या आसपास येतो. आमच्याकडे तर त्याच्या आधीपासूनच धो धो सुरू झालं होतं. 

पहिल्या रात्री माजघरात सात ठिकाणी भांडी ठेवली. टोप, परात, लेकीची आंघोळीची बादली. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. लाइट गेलेली. नवरा टॉर्च धरून उभा आणि मी लेकीची गादी ओढत ओढत कोरडी जागा शोधतेय. शेवटी तिला कपाटाशेजारी निजवलं आणि वर छत्री उघडून बांधली. शाकारणीचा माणूस आठवड्याने उघाड मिळाल्यावर आला, दोन तासांत मुख्य गळती थांबवून गेला. त्याने सांगितलं, मे सुरू होण्याआधी बोलवायचं.

त्यानंतर मात्र कौलारू भागाने पावसाळाभर एक थेंब आत घेतला नाही. त्रास दिला तो मागच्या स्लॅबने. इथे बहुतेक स्लॅबच्या घरांवर वर पत्र्याची शेड असते, ती का असते हे मला जुलैत समजलं. आमच्या स्वयंपाकघरावर शेड नाही. ओल हळूहळू छतातून भिंतीत उतरली, मिठाला पाणी सुटलं, काडेपेटी पेटेना, पोळपाटाला बुरशी. चामड्याच्या चपला हिरव्या झाल्या. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पंख्याखाली वाळवले तरी वास जात नाही. आमची दोन लाकडी कपाटं भिंतीला टेकलेली होती, मागच्या फळ्या फुगून गेल्या. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, खाली विटा द्या. फ्लॅट घेत असाल तर वरचा मजला शेड असेल तरच घ्या.

गडग्याच्या फटींत फुरसं, म्हणजे छोटा पण विषारी साप, निघतं. आमच्याकडे दोनदा निघालं. अंधारात टॉर्चशिवाय अंगणात पाय ठेवायचा नाही हा नियम घरात पक्का केला आहे.

आता गणपती. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 24 तारखेला रात्री काका-काकी, दोन मुलं, सुना, नातवंडं, काकांचे भाऊ, असे चौदा जण आले आणि 3 सप्टेंबरपर्यंत राहिले. "दोन-चार दिवस" म्हणजे हे अकरा दिवस होते. कुलपाची खोली उघडली, त्यातून पाट, समया, मखराचं सामान निघालं. गणपती माजघरात बसला, म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीत. स्वयंपाकघर एक, संडास एक. मी रोज बँकेत जायची, नवऱ्याचं घरून ऑनलाइन काम, त्याला लॅपटॉप घेऊन पडवीच्या कोपऱ्यात बसावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले, खरं सांगते. भाडं आम्ही पूर्ण महिन्याचं दिलं होतं.

आणि तरीही त्याच घरात रात्री आरत्या सुरू झाल्या की लेक टाळ घेऊन सगळ्यात पुढे असायची. गौरीच्या दिवशी काकींनी मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं, उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवल्या, माझे तीन मोदक फुटले तरी ताटात ठेवले. मग म्हणाल्या, "हे घर सासूबाईंचं. गणपती दुसरीकडे बसवायचा म्हणजे आमचं गावच संपलं की गो." बंद घरं भाड्याने का देत नाहीत ते मला त्या वाक्यात कळलं. शिमग्याला पालखी अंगणात आली तेव्हाही ते आले होते, पण एकाच रात्रीपुरते. माझी तक्रार त्यांच्या येण्याबद्दल नव्हतीच. ते किती दिवस, किती जण, हे आधी कागदावर नव्हतं, त्याबद्दल होती.

कागदाचं थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" असं इथे सर्रास ऐकायला मिळतं. ती समजूत 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातून आली आहे, महाराष्ट्रात तिचा आधार घेता येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500 रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याज, या रकमेच्या पाव टक्का. आमच्या हिशेबात काही शेकड्यांत बसलं. सगळं ऑनलाइन होतं. काकांनी अंगठा मुंबईत दिला, आम्ही इथे.

घर सोडावं का, यावर आम्ही दोघं महिनाभर बोललो. स्टेशनजवळ नव्या इमारतीत एक फ्लॅटही बघून आलो, 11,500 भाडं, शेड आहे, बोअरिंग आहे. पण लेकीला शेजारच्या आजी सोडवत नाहीत, आणि कौलाखालची उन्हाळ्यातली दुपार फ्लॅटमध्ये मिळणार नाही. मालकांशी फोनवर दोन तास बोलले. नव्या करारात आता लिहिलं आहे: गणपतीला जास्तीत जास्त सात दिवस, शिमग्याला दोन, तारखा पंधरा दिवस आधी कळवायच्या, त्या नऊ दिवसांचं भाडं वजा. शाकारणी मालकांच्या खर्चाने 30 एप्रिलच्या आत. टँकरचा खर्च निम्मा-निम्मा. भाडं 8,500. स्वयंपाकघरावरच्या शेडचं काकांनी "बघू" म्हटलंय, ते कागदावर यायचं आहे, आणि आल्याशिवाय मी अंगठा देणार नाही असं त्यांना कळवलं आहे.